हवेंतील अंतर आणि वाटेंतील वेळ

एखादें गांव किती दूर आहे असें विचारलें असतां आपलीं जुनीं माणसें आंकडा सांगत नसत. ‘हांकेच्या अंतरावर’, ‘दोन मजलांवर’, ‘आतां निघालांत तर दिवेलागणीस पोंचाल’ अशा तऱ्हेचीं उत्तरें मिळत. शाळेंत मैल व फर्लांग पाठ केलेल्या पुढील पिढीस या उत्तरांचें हंसूं येई. आज मैलही गेले, किलोमीटर आले. आणि हातांतल्या दूरध्वनियंत्रावर दोन विमानतळांचीं नांवें लिहिलीं कीं त्यांमधील हवाई अंतर व उड्डाणाचा वेळ तत्क्षणीं डोळ्यांपुढें उभा राहतो. आंकडा दशांशापर्यंत बिनचूक असतो. तरीसुद्धां, मध्यें पाणी आडवें आलें कीं या बिनचूक आंकड्याचा माणसाच्या प्रवासाशीं फारसा संबंध उरत नाहीं, आणि जुन्यांचें ‘दिवेलागणीस पोंचाल’ हेंच उत्तर खरें ठरतें, असें आमचें मत आहे. पालघर जिल्ह्यांत राहणारास तें पटण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. तथापि आरंभ दूरच्या एका उदाहरणापासून करतों. कारण विमानप्रवासाचें त्याहून आंखूड उदाहरण जगांत दुसरें नाहीं.

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नांवाचा द्वीपसमूह आहे. त्यांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे अशीं दोन बेटें शेजारीं शेजारीं आहेत. दोहोंवर एक एक लहानसा विमानतळ आहे आणि त्या दोहोंमधील हवाई अंतर अवघें २.७ किलोमीटर आहे. मुंबईच्या विमानतळाची मोठी धांवपट्टी तीन किलोमीटरांहून लांब आहे. म्हणजे तेथील विमान एका बेटावरून उठून दुसऱ्या बेटावर उतरतें तेवढ्या अवकाशांत आपल्याकडील मोठ्या विमानाचें धांवपट्टीवरचें धांवणेंही पुरतें मावणार नाहीं! १९६७ सालापासून लोगनएअर या कंपनीचीं विमानें हा प्रवास करीत आलीं आहेत. विमान लहान, आठ उतारूंचें. वेळापत्रकांत उड्डाणासाठीं दोन मिनिटें धरलेलीं असतात. वारा अनुकूल असेल तर दीड मिनिटांतही काम होतें, आणि सर्वांत त्वरेचें उड्डाण ५३ सेकंदांचें झाल्याची नोंद आहे.

येथें थोडें गणित करून पाहण्याजोगें आहे. २.७ किलोमीटर अंतर दोन मिनिटांत कापलें तर वेग ताशीं ८१ किलोमीटर होतो. हा वेग आपल्या आगगाडीचा. बोईसरचा फलाट न थांबतां ओलांडणारी जलद गाडी याहून अधिक वेगानें जाते. तेंच विमान मोकळ्या आकाशांत याच्या तिपटीनें उडूं शकतें. मग येथें तें मंद कां? तर उठणें, वळणें, उंची घेणें व लगेच उतरणें यांतच त्याचा सर्व काळ जातो. सरळ उडण्यास जागाच उरत नाहीं. वारा पूर्वेचा कीं पश्चिमेचा, धांवपट्टीच्या कोणत्या टोंकाकडून उठावें लागलें, एवढ्या गोष्टीवर ५३ सेकंद कीं दोन मिनिटें हें ठरतें. अंकगणिताच्या पुस्तकांत ‘अंतर भागिलें वेग बरोबर वेळ’ असें सूत्र असतें आणि मुलांकडून तें घोटून घ्यावें लागतें. पण त्या सूत्रांतील गाडी पुस्तकाच्या पहिल्या ओळींतच पूर्ण वेगांत असते, आणि शेवटच्या ओळींत न थबकतां थांबते. खरा प्रवास टोंकांस खर्च होतो. अंतर जितकें लहान तितका टोंकांचा खर्च मोठा.

परंतु आमच्या मतें या उड्डाणांतील लक्षांत ठेवण्याची गोष्ट ५३ सेकंद ही नव्हे. पापा वेस्ट्रे बेटावरील वस्ती शंभराच्या आंतबाहेर आहे. एवढ्या माणसांसाठीं विमान! तें चैनीसाठीं चालत नाहीं. फिरते शिक्षक त्यांतून येतात, रुग्ण जातात, वैद्य येतात. दोन बेटांमध्यें होडीही आहे; तिला सुमारें पंचवीस मिनिटें लागतात; पण उत्तरेकडचा तो समुद्र हिवाळ्यांत होडीस वाट देईलच असें नाहीं. म्हणून तेथील स्थानिक मंडळानें पदराचें द्रव्य घालून विमान चालू ठेविलें आहे. अंतर किती हा प्रश्न तेथें कोणी विचारीत बसलें नाहीं. शिक्षक वर्गावर वेळेवर कसा पोंचेल, हा प्रश्न विचारला गेला. आणि त्याचें उत्तर विमान असें आलें.

आतां हें हवाई अंतर काढतात कसें, तें थोडक्यांत सांगतों. घरांतील विद्यार्थ्यांस तें ताडून पाहतां येईल. पृथ्वी गोल असल्यामुळें तिच्यावरील दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट ही वर्तुळाचा तुकडा असते. दोन्ही स्थळांचे अक्षांश व रेखांश ठाऊक असले म्हणजे बाकीचें काम त्रिकोणमितीचें. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. हें सर्वत्र जवळ जवळ सारखेंच. पूर्व-पश्चिम अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावें तसतसा आंखूड होत जातो. ही गोष्ट आपल्या ज्योतिष्यांस उत्तम ठाऊक होती. सूर्यसिद्धांतांत पृथ्वीचा व्यास १६०० योजनें धरला आहे. व्यासाच्या वर्गास दहांनीं गुणून मूळ काढावें म्हणजे परिधि निघतो, आणि त्या परिधीस स्वदेशाच्या लंबज्येनें गुणून त्रिज्येनें भागलें म्हणजे त्या अक्षांशावरील ‘स्फुट’ परिधि मिळतो, असा तेथील विधि आहे. आजच्या भाषेंत लंबज्या म्हणजे अक्षांशाची कोज्या. आपल्या किनाऱ्यावर, वीस-साडेवीस अक्षांशांच्या आसपास, ती सुमारें ०.९४ येते, म्हणून आपल्याकडे पूर्व-पश्चिम एक अंश १११ चा न राहतां १०४ किलोमीटरांचा होतो. आमच्या हातीं पंचांग होतें तेव्हां देशांतर-संस्कार म्हणून जो करावा लागे तो याच हिशेबाचा भाऊ.

हें माप घेऊन आपल्या शेजारचें एक जोडपें मोजून पाहूं. दमण आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे लागूनच आहे. दीव हें बेट सौराष्ट्राच्या दक्षिण टोंकाशीं आहे. दोघांच्याही अक्षांशांत पाव अंशाहून किंचित् अधिक अंतर. रेखांशांत मात्र १.९२ अंशांचें. १.९२ ला १०४ नीं गुणिलें म्हणजे २०० किलोमीटर झाले. अक्षांशांतील फरक जमेस धरला तरी दोनतीनच किलोमीटर वाढतात. म्हणजे दमणच्या विमानतळावरून उठलेलें विमान समोरचा समुद्र सरळ ओलांडून गेलें तर पाऊण तासाच्या आंत दीवच्या बेटावर उतरावें. रस्त्यानें जाणारानें मात्र आधीं उत्तरेस सुरत, भडोच करीत खंबायतच्या आखाताचें टोंक गाठावें, तेथून वळून भावनगर, उना करीत पुन्हां दक्षिणेस यावें. हा वळसा सहाशें किलोमीटरांहून अधिक आहे, आणि त्यांत एक दिवस जातो.

हीं दोन ठिकाणें एका राज्याखालीं आलीं तीं पोर्तुगीजांमुळें. दीवचा किल्ला त्यांनीं १५३५ सालीं बांधावयास घेतला आणि दमण १५५९ मध्यें घेतलें. आपला तारापूरचा किल्लाही त्याच साखळींतला. १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पांच्या फौजेनें तो घेतला, आणि त्या वेढ्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडले, हें या भागांतील मुलांनीं तरी विसरूं नये. पोर्तुगीजांस दमण-दीव हें अंतर कधीं सहाशें किलोमीटर वाटलेंच नाहीं. त्यांचा रस्ता पाण्यावरचा होता, आणि पाण्यावरून ती दोनशेंचीच वाट. जमिनीवरून आखात ओलांडून जाण्याची दृष्टि ही पुढें आगगाडी आल्यावरची.

मौज अशी कीं, विसाव्या शतकाच्या मध्यास हा हिशेब पुन्हां एकवार उलटला. १९५४ मध्यें दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर गोवा, दमण व दीव यांची भारताशीं असलेली वाहतूक बंद पडत गेली. तेव्हां पोर्तुगीज सरकारनें या तिन्ही ठिकाणीं धांवपट्ट्या तयार केल्या आणि १९५५ मध्यें स्वतःची विमानसेवा उभी केली. गोव्याहून दमण, दमणहून दीव आणि पुढें कराची अशी तिची वाट होती. जमिनीवरून जाण्याची सोय नसल्यामुळें तीं विमानें समुद्रावरून जात. १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सेना आंत शिरली, १९ तारखेस राज्य संपलें, आणि ती विमानसेवाही संपली. तिन्ही धांवपट्ट्या मात्र राहिल्या. राज्य जातें, धांवपट्टी राहते. हें दोस्तराष्ट्रांच्या महायुद्धांतील धांवपट्ट्यांविषयींही आढळून येतें. पुढें २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव आणि दादरा-नगरहवेली यांचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला व दमण हें त्याचें मुख्य ठाणें ठरलें. त्यामुळें दीवच्या माणसास सरकारी कामासाठीं दमणची वाट अजूनही धरावी लागते, आणि ती वाट दोनशें किलोमीटरांची कीं सहाशेंची हें त्या दिवशीं विमान आहे कीं नाहीं यावर अवलंबून असतें. दीवच्या नांवापुढें नकाशांत एकच ठिपका आहे. पण दीवचें अंतर दररोज बदलतें.

आखाताच्या मुखाशीं याच तऱ्हेचा आणखी एक प्रयोग झाला आहे. सुरतेजवळील हजिरा आणि भावनगरजवळील घोघा यांच्यामध्यें २०२० च्या नोव्हेंबरांत मोटारी वाहून नेणारी मोठी नाव सुरू झाली. रस्त्याचे ३७० किलोमीटर पाण्यावर ९० झाले. कवि कालिदासाचा यक्ष मेघास उज्जयिनीवरून वळसा घेऊन जाण्यास सांगतो, कारण तें नगर पाहण्यासारखें आहे. मेघास वळशाचें कांहींच नाहीं, त्याला ना धांवपट्टी लागत ना धक्का. आपल्यासारख्यांस मात्र उतरण्याची जागा असेल तेवढेंच जग जवळ.

विमानाविषयींची आपली कल्पना किती अपुरी असते हें पाहावयाचें असेल तर बोईसरच्या कोणत्याही घरांतून गोव्यास निघालेल्या मनुष्याचा दिवस मोजावा. मुंबई ते गोवा उड्डाण सव्वा तासाचें. पण बोईसर स्टेशन चर्चगेटपासून सुमारें १०३ किलोमीटरांवर. अंधेरीपर्यंत यावयास गाडीनें पावणेदोन-दोन तास, तेथून विमानतळ गाठण्यास अर्धा तास, विमानतळावर दोन तास आधीं हजर राहणें, उतरल्यावर सामानाची वाट पाहणें, आणि पुढें घरापर्यंत रस्ता. सव्वा तासाच्या उड्डाणाचे सात तास होतात. त्यांतले पावणेसहा जमिनीवर. वेस्ट्रेच्या उतारूस विमान घरापाशीं आहे म्हणून त्याचीं दोन मिनिटें खरोखरच थोडक्यांत संपतात. आमचा सव्वा तास आम्हांस भेटायला मुंबईपर्यंत जावें लागतें.

हीं झालीं लांबचीं गणितें. आतां घरच्या खाडीवर येऊं, कारण लेखाचें मुख्य प्रयोजन तेथें आहे.

वैतरणा नदी समुद्रास मिळते तेथें तिचें पात्र रुंद होतें. दक्षिणेस विरारची बाजू, उत्तरेस सफाळ्याची. विरारजवळील मारंबळपाडा व पलीकडील जलसार गांवची खारवाडेश्री यांच्यामध्यें पाणी आहे तें सुमारें दीड किलोमीटर. रस्त्यानें मोटार न्यावयाची तर महामार्ग धरून साठएक किलोमीटरांचा फेरा. साठ आणि दीड! वेस्ट्रेचें उदाहरण वाचून आश्चर्य करणारानें हें प्रमाण ध्यानीं घ्यावें. दोन्ही तीरांवरील माणसें पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची घरें पाहत आलीं, आणि तरीही मोटार घेऊन एकमेकांकडे जाण्यास दीड तास लागे. २०२५ च्या एप्रिलांत येथें मोटारी नेणारी नाव सुरू झाली आणि दीड तासाचे पंधरा मिनिटें झालीं. खाडी तीच, नकाशा तोच, अक्षांश-रेखांशांत एका विकलेचाही फरक नाहीं. बदलला तो धक्का. उतरण्याची जागा झाली.

सातपाटी व मुरबें यांची गोष्टही अशीच. मध्यें खाडीचें पाणी, समोरासमोर वस्ती, आणि रस्त्यानें जावयाचें तर आंत शिरून बाहेर येणें. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे व त्या बेटावर वस्ती आहे. किनाऱ्यावरून तें स्पष्ट दिसतें. परंतु आजारी माणूस रात्रीं खाटेवर घालून आणावयाचा असला म्हणजे ‘स्पष्ट दिसतें’ या शब्दांस कांहीं अर्थ राहत नाहीं.

या जिल्ह्यांत आणखी दोन बेटें आहेत, आणि बोईसर-पालघरच्या प्रत्येक वाचकानें तीं शेंकडों वेळां ओलांडलीं आहेत. पाहिलीं आहेत कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. मुंबईकडे जातांना सफाळें सुटल्यावर गाडी पुलावर चढते, क्षणभर जमीन लागते, पुन्हां पूल लागतो आणि मग वैतरणा स्टेशन येतें. मधली ती जमीन म्हणजे वाढीव बेट. पुढें वसई, नायगांव गेल्यावर वसईच्या खाडीवर पुन्हां एक पूल, पुन्हां थोडी जमीन, पुन्हां पूल, आणि मग भाईंदर. ती जमीन म्हणजे पाणजू. १८६४ सालीं या मार्गावरून मुंबईपर्यंत आगगाडी आली; तेव्हांपासून आजवर या दोन बेटांवरून किती गाड्या गेल्या त्याची गणति करणें व्यर्थ आहे. वाढीवपासून पाणजूपर्यंत लोहमार्गानें पंचवीस किलोमीटरांहून थोडें जास्त अंतर असेल. जलद गाडीस तें वीस-बावीस मिनिटांचें. म्हणजे दोन बेटें, मध्यें उत्तम मार्ग, दर थोड्या मिनिटांनीं वाहन. कागदावर यापरतें सुंदर दळणवळण कोठें सांपडावयाचें? फक्त एकच गोष्ट उणी आहे. गाडी दोन्ही बेटांवरून जाते आणि दोहोंपैकीं कोठेंही थांबत नाहीं.

वाढीवचीं माणसें मग काय करतात? होडी असेल व पाणी असेल तेव्हां होडीनें जातात. नसेल तेव्हां रेल्वेच्या पुलावरून, रुळांच्या कडेनें, पायीं. अंतर म्हणावें तर फार नाहीं; धडधाकट मनुष्यास थोड्या वेळाची वाट. पण खालीं खाडी, शेजारीं रूळ, आणि मागून-पुढून येणाऱ्या गाड्या. वरच्या इयत्तांस जाणारीं मुलें त्या वाटेनें जातात. नोकरीवर जाणारे जातात. बेटावरच्या शाळेंत शिकविण्यासाठीं बाहेरून येणारे शिक्षक त्याच वाटेनें येतात. शिक्षकाचा पेशा आम्ही आयुष्यभर केला. वर्गावर वेळेवर जाणें म्हणजे काय तें आम्हांस ठाऊक आहे. परंतु पावसाळ्यांत पुलाच्या पट्टीवर पाय ठेवून, मागून गाडी येत आहे कीं काय हें ऐकत वर्गावर जावें लागणें ही गोष्ट निराळी आहे. पापा वेस्ट्रेच्या शिक्षकास विमान, आणि वाढीवच्या शिक्षकास लोखंडी पट्टी.

या वाटेवर एक संकट असें आहे कीं त्याचें मूळ आपल्या घरांत आहे, आणि म्हणून या पानांवर त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पूल आला कीं गाडींतील भाविक उतारू पिशवींतून निर्माल्य काढतात आणि खाडींत टाकतात. हार असतो, नारळ असतो, कधीं सर्व बांधलेली पिशवीच असते. वाहत्या पाण्यांत निर्माल्य सोडावें हा आपला आचार; तो खोटा नाहीं. पण धांवत्या गाडींतून फेकलेला नारळ पाण्यांतच पडतो असें कोणी सांगितलें? २०२५ च्या सप्टेंबरांत पाणजूचा एक तरुण पुलावरून चालत असतां गाडींतून कोणी टाकलेला नारळ त्याच्या डोक्यास लागला आणि त्यांत तो दगावला. टाकणारास ती गोष्ट कळलीही नसेल. त्याची गाडी पुढें निघून गेली होती.

येथें शाळेंतला एक नियम उपयोगीं पडतो. धांवत्या गाडींतील वस्तूस गाडीचाच वेग असतो, आणि हातांतून सुटली तरी तो वेग तिला लगेच सोडीत नाहीं. गाडी ताशीं १०० किलोमीटरांनीं जात असेल तर नारळही सेकंदास सुमारें २८ मीटर वेगानेंच पुढें जातो. हा वेग झाडावरून पडणाऱ्या नारळास यावयाचा तर त्याला जवळ जवळ ४० मीटर उंचीवरून पडावें लागेल. म्हणजे चांगले वाढलेले दोन माड एकावर एक उभे करावे, आणि वरच्या शेंड्यावरून नारळ सोडावा. उतारूस वाटतें, आपण हलकेच हात मोकळा केला. पुलावरच्या माणसावर दोन माडांच्या उंचीवरचा नारळ येतो. ज्या घरांत निर्माल्य बादलींत भिजवून झाडांच्या मुळाशीं घालतात त्या घरांतील देवास आजवर कांहीं उणें पडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. धर्मशास्त्र जलाशयाचें नांव घेतें, पश्चिम रेल्वेचें घेत नाहीं.

कोणी म्हणेल, पुलावरून चालणें हें नियमाविरुद्ध आहे, ते लोक चालतातच कां? प्रश्न बरोबर आहे. पण तो अर्धा आहे. उरलेला अर्धा असा कीं, चालूं नये तर जावें कसें? बारमाही होडी, भरतीओहोटींत सारखा उपयोगीं पडणारा धक्का, किंवा पुलाच्या कडेनें कठडा घातलेली वेगळी पायवाट, यांपैकीं एक तरी असल्यावांचून नियमाचा फलक हा वाचावयाचा मजकूर राहतो. मारंबळपाड्यास मोटारींसाठीं जें झालें तें वाढीवास पाठीवर दप्तर असलेल्या मुलांसाठीं होऊं नये असा कोणता सिद्धांत आहे? दोन्ही ठिकाणें एकाच नदीवर, थोड्याथोडक्या अंतरानें आहेत.

तारापूरच्या उत्तरेस, डहाणू तालुक्यांत, वाढवण येथें समुद्रांत भर घालून मोठें बंदर बांधण्याचें काम हातीं घेतलें आहे. २०२४ च्या जूनमध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें त्यास संमति दिली, अपेक्षित खर्च ७६,२२० कोटी रुपये सांगितला गेला, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें त्याचा शिलान्यास झाला. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास विरोध आहे व तो आजचा नाहीं, फार जुना आहे. त्याचा विचार स्वतंत्रपणें करावा लागेल. बंदराजवळ मुंबईसाठीं तिसरा विमानतळ उभारण्याचा मनोदयही राज्य शासनानें जाहीर केला आहे. तो झाला तर बोईसरकराचे गोव्याचे सात तास चारांवर येतील, आणि आमच्यासारख्या वृद्धांस तें नको आहे असें कोण म्हणेल? चिंचणीच्या किनाऱ्यावर उभें राहून नातवास विमानें उतरतांना दाखवितां येतील. फक्त वाढवण आणि वाढीव या दोन नांवांतील साम्य आमच्या कानास मधून मधून टोंचतें. एकाच्या पुढें कोटींचे आंकडे आहेत. दुसऱ्याचें नांव स्टेशनांच्या यादींतसुद्धां नाहीं, कारण तेथें स्टेशन नाहीं.

बेटावरच्या माणसांचें वेळापत्रक आकाशांत असतें. तें कोंकणांत सर्वांस ठाऊक आहे. शहरांत वाढलेल्या मुलांसाठीं सांगतों. तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; बारा वाजल्यानंतर तितक्या तासांनीं पुरती भरती येते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. दिवसा तसेंच रात्रीं. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी पुरी होते. खाडींत आंत जावें तसा थोडा उशीर धरावा. अष्टमीच्या सायंकाळीं सहाला पाणी धक्क्यास लागलेलें असतें, होडी आंतपर्यंत येते, आणि शहरांतून परतलेलीं मुलें उजेड असतांना घरीं पोंचतात. अमावास्येस व पौर्णिमेस भरती बाराला येऊन गेलेली असते; सायंकाळीं सहाला खाडींत चिखल उघडा पडतो, होडी दूर पाण्यांत राहते, आणि त्या दिवशीं तींच मुलें वैतरणा स्टेशनावर उतरून पुलाकडे चालूं लागतात.